सोनोग्राफीच्या अहवालात माप हवंच

महोदय,

मी टूलरूममध्ये चौतीस वर्षं काम करून निवृत्त झालो. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हेच माझं आयुष्य. आज वय ६९ आहे आणि पोटातल्या महाधमनीला ४.६ सेंटिमीटरचा फुगवटा आहे. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटात ही रक्तवाहिनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीन किंवा त्याहून जास्त भरली की फुगवटा मानतात.

मला हे कळलं दीड वर्षापूर्वी. दिसलं मात्र होतं पाच वर्षांपूर्वीच. तेव्हा मुतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी झाली, खडा निघाला नाही, ‘काही नाही, घरी जा’ असं सांगितलं गेलं. पुढे जुने कागद चाळताना त्या अहवालात शेवटून दुसरी ओळ सापडली: ‘महाधमनी किंचित रुंद.’ किती रुंद ते लिहिलेलं नाही. माझ्या खात्यात असा शेरा मारून कुणी जॉब पुढे पाठवला असता, तर तो त्याच पावली परत आला असता.

मधली साडेतीन वर्षं मी रोज सिगारेट ओढत होतो. फुगवटा होण्याचं आणि तो वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. कळलं त्या दिवशी सोडली. ती ओळ कुणी वाचून दाखवली असती तर तेव्हाच सोडली असती, याचं मला फार वाईट वाटतं.

पुरुषांमध्ये साधारण ५.५ आणि स्त्रियांमध्ये ५ सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुगवटा झपाट्याने वाढला तर त्याआधीही. तोवर ठरावीक काळाने मोजत राहायचं, रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. म्हणजे सगळा निर्णय मिलिमीटरवर. फुगवटा कळल्यावर पहिल्या तपासणीत माझा आकडा ४.२ होता. वर्षाने दुसरीकडे मोजला तर ४.६! त्या रात्री मी व्हर्नियरचे जबडे शेहेचाळीस मिलिमीटरवर लावून त्याकडे बघत बसलो. बायकोने तो हातातून काढून घेतला.

शल्यविशारदांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली तेव्हा उलगडा झाला. एकाने आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलं होतं, दुसऱ्याने बाहेरून बाहेर. जुनं चित्र बाहेरून मोजल्यावर ४.५ भरलं. वाढ एक मिलिमीटर, आणि तेवढा फरक तर मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. छेद तिरका घेतला तरी माप मोठं येतं, हे कुठल्याही टर्नरला सांगावं लागत नाही.

म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. महाधमनी रुंद दिसली तर आकडा लिहा, कुठून कुठे मोजलं ते लिहा, मागचा अहवाल असेल तर त्याच्याशी ताडून बघा. आणि ज्यांनी तपासणीला पाठवलं त्यांनी रुग्णाला ते तोंडाने सांगा. हा फुगवटा बहुधा दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला स्वतःहून कळायला मार्ग नाही. फुटला तर बहुतेक जण वाचत नाहीत.

ज्यांना फुगवटा आहे त्यांनी प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी तेच सांगावं. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांबाबत इशारा दिला आहे: फुगवटा असलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, ती देऊ नयेत. पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक जोराची कळ आली तर मुतखडा समजून घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं.

हा विकार घराण्यात उतरू शकतो. माझ्या धाकट्या भावाने मागच्या महिन्यात सोनोग्राफी करून घेतली. त्याच्या अहवालात स्वच्छ लिहिलं आहे: १.९ सेंटिमीटर, बाहेरून बाहेर.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार