451 अनोळखी माणसांना आभाराचं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, ती कधी कळणारही नाहीत. नोव्हेंबर 2008 ते एप्रिल 2011 या काळात अमेरिकेतल्या 50 रुग्णालयांत तुम्ही ‘सॅम्प्रिस’ नावाच्या चाचणीच्या कागदावर सही केलीत, एवढीच तुमची ओळख. सही करण्याआधीच्या 30 दिवसांत तुम्हा प्रत्येकाला पक्षाघाताचा झटका तरी येऊन गेला होता, नाहीतर थोड्या वेळात ओसरणारा छोटा झटका. मेंदूतली एक मोठी धमनी 70 ते 99 टक्के अरुंद झाल्याचं चित्रात दिसत होतं. अशा घटकेला ‘धमनी उघडी धरणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, घालायचा की नुसत्या औषधांवर राहायचं’ हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरू द्यायचं, याला छाती लागते.

मराठीतून हे पत्र लिहायला कारण आहे. गोऱ्या अमेरिकन माणसाची धमनी बहुधा मानेत अरुंद होते. आपल्याकडे, आणि एकूणच आशियात, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणजे सही तुम्ही केलीत आणि फायदा आमच्या रुग्णांना मोठा झाला.

तेव्हाचा तर्क साधा होता. नळ तुंबला की आपण तो मोकळा करतो, आणि हृदयाच्या धमनीत स्टेंट चालतो, मग डोक्यात का नको? तुमच्यापैकी 224 जणांना औषधं आणि स्टेंट, तर 227 जणांना फक्त औषधं मिळाली. पहिल्या 30 दिवसांत झटका किंवा मृत्यू यांचं प्रमाण स्टेंटच्या गटात 14.7 टक्के निघालं, औषधांच्या गटात 5.8 टक्के. 764 रुग्ण घ्यायचं ठरलं होतं, पण 451 वरच भरती थांबवावी लागली. नंतर कदाचित स्टेंटवाले भरून काढतील, ही आशा उरली होती. तीही फोल ठरली: जवळपास पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर आकडे 23 आणि 15 टक्के होते.

असं का झालं, ते तुमच्याच चित्रांतून कळलं. मेंदूची धमनी हृदयाच्या धमनीसारखी स्नायूवर टेकलेली नसते. ती पाण्यासारख्या द्रवात मोकळी असते आणि तिची भिंत पातळ असते. त्यातून मेंदूच्या मधल्या धमनीला आणि मागच्या बाजूच्या बॅसिलर धमनीला केसाएवढ्या बारीक फांद्या फुटतात. त्या थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात आणि एक बंद पडली तर तिचं काम करायला दुसरी नसते. बारीक नळीच्या टोकावरचा फुगा फुगला, स्टेंट उघडला की भिंतीवरचा चरबीचा थर बाजूला सरकतो आणि याच फांद्यांच्या तोंडावर जाऊन बसतो. मोठी धमनी चित्रात सुरेख उघडलेली दिसते आणि रुग्णाचा हात मात्र उचलत नाही. दुसरा धोका रक्तस्रावाचा. स्टेंट आत नेणाऱ्या तारेचं टोक पुढच्या नाजूक वाहिनीला भोक पाडू शकतं. किंवा बरेच दिवस उपाशी राहिलेल्या भागात एकदम जोरानं रक्त येतं आणि भिंत फुटते, तेही रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्यांमुळे गुठळी धरत नसताना. स्टेंटच्या गटात पहिल्या महिन्यात ज्या 33 जणांचं नुकसान झालं, त्यांतल्या 10 जणांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. औषधांच्या गटात त्या महिन्यात एकालाही नाही. त्या 33 जणांच्या घरच्यांपर्यंत हे आभार पोचवायची काही सोय असती, तर बरं झालं असतं.

औषधांच्या गटातल्या 227 जणांचे आभार वेगळे मानायला हवेत. ‘नुसती औषधं’ म्हणजे काय, ते तुम्ही दाखवलंत. गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या: रोज ऍस्पिरिन 325 मिलिग्रॅम आणि पहिले 90 दिवस जोडीला क्लोपिडोग्रेल 75 मिलिग्रॅम. वरचा रक्तदाब 140 च्या खाली, मधुमेह असेल तर 130 च्या. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, 70 च्या खाली. शिवाय तंबाखू, वजन आणि व्यायाम यांचा पिच्छा पुरवणारा एक मार्गदर्शक. पुढे आकडे पुन्हा चाळले तेव्हा या सगळ्यात चांगल्या निकालाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते शारीरिक हालचालीचं. चालायला सांगितलं की ‘ते झालंच हो, पण गोळी कोणती?’ असं विचारणाऱ्यांना हे ऐकवताना आम्हाला जरा मजा येते.

तुमचा हा नेम इथे पाळताना कुठे घसरतो, तेही सांगून ठेवतो. दात काढायचा म्हणून दोन्ही गोळ्या परस्पर आठवडाभर बंद होतात, आणि झटका नेमका त्याच आठवड्यात येतो. साध्या दातासाठी त्या बहुतेकदा बंद कराव्या लागतच नाहीत, पण औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारायचं कुणाला सुचत नाही. उलटही घडतं: 90 दिवस संपले तरी जुनी चिठ्ठी दाखवून दोन्ही गोळ्या वर्षभर चालू राहतात आणि पोटात रक्तस्राव होतो. पित्तासाठी ओमेप्राझोल घेतलं तर क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, त्यापेक्षा पँटोप्राझोल बरं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, सोडणारे तर घरोघरी आहेत. तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. आणि रक्तदाब उतरवायचा तो हळूहळू, काही आठवड्यांत. अरुंद धमनीच्या पलीकडचा भाग दाबाच्या जोरावरच तगून असतो. एका दिवसात दाब खाली खेचला, किंवा उन्हाळ्यात निर्जळी उपवास करून अंगातलं पाणी घटवलं, तर उभं राहताच भोवळ येते आणि कधी कधी त्या भागाला कायमची इजा होते.

तुमच्यामुळे आम्ही चित्रं वाचायलाही जास्त सावधपणे लागलो. तुम्हाला चाचणीत घेताना धमनी मोजली गेली ती अशी: सर्वांत अरुंद जागेची रुंदी, भागिले तिथल्याच निरोगी भागाची रुंदी, आणि हा भागाकार 1 मधून वजा. धमनी 3 मिलिमीटर असेल आणि वाट 0.9 मिलिमीटर उरली असेल, तर अरुंदपणा 70 टक्के. मोजताना फक्त 0.3 मिलिमीटर चुकलं की तोच आकडा 60 होतो आणि सगळा निर्णय बदलतो. म्हणून एकट्या एमआर अँजिओवर, म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेल्या धमन्यांच्या चित्रावर, ‘90 टक्के ब्लॉक’ लिहून आलं की आम्ही थांबतो. इंजेक्शनशिवायच्या त्या तपासणीत भिंत नव्हे, वाहतं रक्त दिसतं. रक्त संथ झालं किंवा भोवऱ्यात सापडलं की ते चित्रातून गायब होतं आणि निम्मी अरुंद धमनी पूर्ण तुटल्यासारखी भासते. सीटी अँजिओ जास्त भरवशाची, पण भिंतीत कॅल्शियम साचलेलं असेल तर त्याची चमक आजूबाजूला पसरते आणि वाट आहे त्याहून चिंचोळी वाटते. त्यात शिरेतून देतात त्या रंगद्रव्यासाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, पाहावं लागतं. शंका उरलीच तर मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून धमनीतच रंगद्रव्य सोडून काढलेलं चित्र, म्हणजे डीएसए तपासणी. मोजायला यासारखं दुसरं काही नाही, मात्र त्यातही झटक्याचा छोटासा धोका आहेच, त्यामुळे निकालानं उपचार बदलणार असेल तरच ती करावी. रुग्ण तरुण असेल, साखर-दाब-तंबाखू काहीच नसेल, तर भिंतीचा एमआरआय पाहायचा: चरबीचा थर बहुधा एका बाजूला बसतो, भिंतीला आलेली सूज सगळीकडून सारखी उजळते. सुजेवर स्टेंटही नाही आणि स्टॅटिनही नाही, तिचं औषधच निराळं.

तुमच्यानंतर 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्या स्टेंटचा वापर आवळला. कडक औषधोपचार चालू असतानाही दोन किंवा अधिक झटके आलेले, शेवटच्या झटक्याला 7 दिवसांहून जास्त झालेले, अशा मोजक्याच रुग्णांसाठी तो उरला. आज एखाद्या रुग्णाचे नातेवाईक ‘पैशाचं बघू, स्टेंट टाका’ म्हणतात तेव्हा ‘नको’ म्हणायला आमच्या हातात जे आहे, ते तुम्ही दिलेलं आहे.

आपले ऋणी,
मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणारे आम्ही काही मराठी डॉक्टर

ता. क. – चीनमधल्या ‘बेसिस’ चाचणीतल्या 501 जणांनाही नमस्कार कळवावा. 2024 मध्ये त्यांचा निकाल आला. तिथे स्टेंट नव्हता, फक्त फुगा, तोही धमनीच्या रुंदीच्या 50 ते 70 टक्के एवढाच, हळूहळू फुगवलेला. वर्षभरात झटका, मृत्यू किंवा तीच धमनी पुन्हा उघडावी लागणं, हे सगळं मिळून फुग्याच्या गटात 4.4 टक्के आणि औषधांच्या गटात 13.5 टक्के. पहिल्या महिन्यात मात्र फुग्याकडे 3.2 टक्के, औषधांकडे 1.6, आणि फुग्यानं 14.5 टक्के जणांच्या धमनीचा आतला थर चिरला. तेव्हा फुगा हाती घेताना तुमचे आकडे शेजारी ठेवूनच घेतो.