मेस्तकाका, देव बरें करूं

मेस्तकाका, नमस्कार.

हे पत्र खरं म्हणजे मार्चमध्येच लिहायला हवं होतं, आईच्या खोलीत तुम्ही नवी जमीन घातलीत ते काम संपलं त्याच आठवड्यात. पण मी मुद्दाम थांबले, मनात ठरवलं होतं की आधी एक अख्खा पावसाळा जाऊ दे, मग लिहिते. आता तो गेला. फोंड्याचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी गार लागतं, कपाटातल्या साड्यांना वास येतो. आणि या सगळ्यात आईच्या खोलीची जमीन कोरडी राहिली काका! कोरडी, सपाट, कुठे फळी उचलली नाही, वास नाही, काही नाही. म्हणून आज मनापासून आभार मानतेय, आणि सगळ्यांसमोर मानतेय कारण तुम्ही जे केलंत ते इतरांनाही कळायला हवं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी तुम्हाला बोलावलं तेव्हा मी सगळं ठरवून बसले होते. आईच्या खोलीतला जुना लाल कोबा पावसात असा काही ओला व्हायचा की ती दोनदा घसरली, नशीब हाड मोडलं नाही. चवथीच्या आत काहीतरी करायचंच म्हणून मी शोरूममध्ये जाऊन लॅमिनेट, म्हणजे जमिनीवर घालायच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, पसंत केलं, ८ एमएम, सागवानी रंगाचं, तिथल्या माणसाने सांगितलं मॅडम हे वॉटरप्रूफच समजा, एसी ४ दर्जाचं आहे. मी पैसे भरले, पेट्या घरी आल्यासुद्धा. तुम्ही फक्त येऊन बसवायचं होतं. दोन दिवसांचं काम, हातात पैसे, आणि तेही चवथीच्या तोंडावर जेव्हा प्रत्येक घरात खर्च असतो.

तुम्ही पेटी फोडलीच नाहीत. आधी खोलीभर कोब्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत फिरलात, मग पिशवीतून जाड प्लास्टिकचा तुकडा काढला, असेल हात-दीड हात, आणि चारी बाजूंनी टेप लावून जमिनीला चिकटवलात. म्हणालात उद्या येतो. मला तेव्हा थोडा रागच आला होता हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकवर दमटपणा होताच, मी म्हटलं काका हा तर हवेतला घाम, पावसाळ्यात सगळ्यांच्याच लाद्यांना सुटतो. तुम्ही काही न बोलता वरचा भाग फडक्याने पुसून कोरडा केलात आणि मग एक कड हळूच उचललीत. आतल्या बाजूला थेंबच थेंब, आणि खालचा कोबा काळपट पडलेला. "बाय, जमीन वली आसा, आतां नाका." जमीन ओली आहे, आत्ता नको, एवढंच बोललात.

वरचं पाणी हवेतून येतं आणि प्लास्टिकच्या खालचं जमिनीतून येतं, हा फरक मला चाळीस वर्षं त्या घरात राहून कळला नव्हता.

मग तुम्ही जाताना आमच्याच बादलीत लॅमिनेटचा एक तुकडा आणि तुमच्याकडचा एसपीसी विनाइलचा एक तुकडा टाकून गेलात, सकाळी बघ म्हणालात. सकाळी लॅमिनेटची कापलेली कड पावासारखी फुगली होती, नखाने दाबलं तर भुसा सुटत होता. विनाइलचा तुकडा होता तसाच, पुसला की झालं. लॅमिनेटच्या आत लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो, त्याला पाणीही लागतं आणि वाळवीही लागू शकते, आणि एसीचा जो आकडा असतो तो पृष्ठभाग घासण्याला किती टिकेल त्याचा, पाण्याशी त्याचा संबंध नाही. एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि पीव्हीसी. हे तुम्ही सोप्यावर बसून चहा पिताना सांगितलंत, आणि वर हेही सांगितलंत की एसपीसीसुद्धा आत्ता घालणार नाही, कारण फळी भिजली नाही तरी खाली कोंडलेली ओल बुरशी धरणार आणि खोलीला वास मारणार. म्हणजे जे विकत घेऊन मी तुम्हाला लगेच काम देऊ शकले असते तेही तुम्ही नाकारलंत!

ओल कुठून येते ते शोधायला तुम्ही घराला एक फेरी मारलीत आणि मागच्या बाजूला थांबलात. आईचा अबोलीचा वाफा. वर्षानुवर्षं माती घालत घालत तो जोत्याच्या वर आला होता, चिऱ्याच्या भिंतीला अगदी टेकून, आणि छपराच्या पागोळ्या नेमक्या त्याच मातीत. पाऊस गेल्यावर ती माती काढा, भिंतीपासून उतार द्या, वर पन्हळ लावा, मग मला बोलवा, म्हणालात. या सगळ्याचे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, पेट्रोलचेसुद्धा नाही. आई आधी अबोलीवरून हिरमुसली, पण तुम्हीच तिला समजावलंत आणि झाडं कुंपणाजवळ हलवायला माणूस पाठवलात.

डिसेंबरात प्लास्टिक लावलं, खाली अजून पुसट ओल. फेब्रुवारीत परत लावलं, तेव्हा खडखडीत.

शिगम्याच्या आधी तुम्ही काम केलंत ते दोन दिवस मी ऑफिसला सुट्टी टाकून बघत बसले होते कारण मला खरंच बघायचं होतं. एसपीसीच्या पेट्या ४८ तास आधीच त्याच खोलीत आडव्या ठेवायला लावल्या होत्यात. कोब्याचे पोकळ वाजणारे भाग फोडून भरलेत, दोन मीटरची पट्टी फिरवून जिथे तीन एमएमपेक्षा जास्त फट दिसली तिथे परत लेव्हल केलंत. त्यावर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर आठ इंच एकावर एक घेऊन टेप. फळीच्या पाठीला फोम होताच म्हणून वेगळा फोम टाकू दिला नाहीत, दोन गाद्या झाल्या की फळी दबते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारं लॉक तुटतं म्हणालात.

आणि ते गणित! खोली ११ फूट १० इंच रुंद, फळी ७ इंच रुंद. सरळ सुरुवात केली असती तर शेवटी भिंतीजवळ दीड इंचाची चिरफळी उरली असती. तुम्ही पेन्सिल काढून भिंतीवरच हिशोब केलात, दोन्ही भिंतींकडेला सोडायची फट वजा केलीत आणि पहिलीच ओळ सव्वाचार इंचांची कापलीत, म्हणजे शेवटचीही सव्वाचारच आली. आता खोलीत गेलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कोणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते दाराचं काम. ती फणसाच्या लाकडाची चौकट आजोबांच्या वेळची. मला वाटलं फळी चौकटीभोवती नागमोडी कापाल आणि फटीत सिलिकॉन भराल, बहुतेक जण तसंच करतात. तुम्ही फळीचा एक उरलेला तुकडा जमिनीवर ठेवलात, त्यावर करवत आडवी टेकवलीत आणि चौकटीचा पाय बरोबर तेवढाच कापलात, मग फळी अलगद त्याच्या खाली सरकवलीत. फट नाही, सिलिकॉन नाही, जणू चौकट त्या जमिनीवरच उभी केली होती.

ते लॅमिनेट दुकानाने परत घेतलं नाही तेव्हा मला रडू येत होतं, तुम्ही म्हणालात वरच्या खोलीत स्लॅब आहे, कोरडी आहे, तिथे घालू. घातलंत, भिंतीकडेने १० एमएम जागा सोडून, आणि एकही पेटी वाया गेली नाही. आता माझा लेक तिथे अभ्यासाला बसतो.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळतो. वरच्या खोलीत ओला पोछा नाही, पिळलेलं फडकंच. खाली आईच्या खोलीतली रबरी पाठीची पायपुसणी काढून टाकली कारण रबराने विनाइलला पिवळा डाग पडतो, आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, उन्हाने फळी तापून फुगू नये म्हणून. आई आता रात्री एकटी उठून बाथरूमला जाते, भिंत न धरता. पहिल्यांदा गेली तेव्हा मी अंधारात जागी राहून तिची पावलं ऐकत होते.

काका, तुमचा टॅपिंग ब्लॉक आमच्याकडे राहिलाय, फळ्या ठोकून बसवायचा, कडेला हातोडीचे वळ असलेला तो पांढरा ठोकळा. आईने पुसून फडताळात ठेवलाय, कोणाला हात लावू देत नाही. न्यायला या, पण सकाळच्या घाईत नको, चारच्या चहाला या. कुंपणाजवळच्या अबोलीलाही फुलं आलीत, ती तुम्हाला दाखवायची म्हणते.