तालुका नसलेला पत्ता

ती. आई-बाबा,

सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पत्त्यात गाव आहे, काउंटी आहे, देश आहे. मग तालुका कुठाय?" मी म्हटलं, इथे आयर्लंडमध्ये तालुका नसतो. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात, पण ते तुम्हाला पटलं नव्हतं. उभा जन्म टपाल खात्यात काढलेल्या माणसाला अर्धवट पत्ता कसा पटावा! म्हणून सविस्तर लिहायला बसले. आई, आधी तुझं: जेवण वेळेवर होतं, काल भाकरी केली होती. तू साखरेची गोळी चुकवू नकोस.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हाच. सबंध बेटावर ३२ काउंट्या. त्यातल्या २६ या आयर्लंड देशात आणि वरच्या ६ अजून ब्रिटनकडे. माझी मेयो पश्चिमेला, अगदी समुद्राकाठी. कॅसलबार हे तिचं जिल्ह्याचं ठिकाण. मेयोच्या आयरिश नावाचा अर्थ 'यू झाडांचं मैदान'. रस्त्यावरच्या पाट्यांवर प्रत्येक गावाचं आयरिश नाव वर तिरप्या अक्षरांत आणि इंग्रजी नाव खाली असतं. मला ते वरचं नाव वाचायची सवय लागली आहे, कारण अर्थ तिथे असतो. 'बाले' म्हणजे गाव, वस्ती. त्याचंच इंग्रजांच्या तोंडी 'बॅली' झालं, म्हणून इथे पावलोपावली बॅली भेटतं, आपल्याकडे वाडी भेटते तसं.

आणि बाबा, तुमच्या तालुक्याच्या जागी इथे 'टाउनलँड' असतं. नावात टाउन असलं तरी शहराशी त्याचा संबंध नाही. शे-दोनशे एकरांचा शिवार, त्यात चार-दहा घरं, आणि त्या शिवाराला स्वतःचं नाव. अशी साठ हजारांच्या वर नावं आहेत. एकाच नावाची दोन टाउनलँड शेजारी असली की एकाला 'मोर' आणि दुसऱ्याला 'बेग' जोडतात. मोर म्हणजे थोरलं, बेग म्हणजे धाकटं. आपलं बुद्रुक आणि खुर्द! हे कळलं त्या दिवशी मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. २०१५ पर्यंत इथे पिनकोडसारखं काही नव्हतं. खेड्यातल्या दहा घरांचा पत्ता एकच असायचा, पोस्टमन माणसं ओळखून पत्र टाकायचा. तुम्ही हेच करत होतात.

मी काम करते तिथे नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. लेकीचं नाव त्यांना आठवत नाही. पण रात्रपाळीला मी पांघरूण नीट करायला गेले की त्या टाउनलँडचं नाव सांगतात आणि बोटाने पांघरुणावर रेघा ओढतात: ही बोळ, हा दगडी बांध, हे शेजाऱ्यांचं शेत, ही विहीर. रोज त्याच रेघा, त्याच क्रमाने. मग बोट एका जागी थांबतं. तिथे चार घरं होती म्हणतात, आता नुसते दगड आहेत.

त्या दगडांचा अर्थ कळायला मला इथला इतिहास वाचावा लागला. काउंट्यांच्या हद्दी इंग्रजांनी आखल्या, मेयोची सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढच्या शतकात क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या काळी कॅथलिक जमीनदारांच्या सुपीक जमिनी काढून घेतल्या आणि त्यांना शॅनन नदीच्या पलीकडे, या खडकाळ पश्चिमेला ढकललं. इथली गरीब कुळं मग बटाट्यावर जगू लागली, कारण तुकडाभर जमिनीत घरादाराचं पोट भरणारं दुसरं पीक नव्हतं. १८४५ साली बटाट्यावर करपा आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. देशभरात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच बोटी धरून परदेशी गेली. १८४१ च्या जनगणनेत मेयोत ३ लाख ८८ हजार माणसं होती, दहा वर्षांनी पावणेतीन लाखांच्या आसपास उरली. आजही १ लाख ३८ हजारच आहेत. पावणेदोनशे वर्षं होत आली तरी भरून न आलेला जिल्हा आहे हा, बाबा. गाडीतून जाताना मोकळ्या डोंगरउतारावर गवताखाली जुन्या बटाट्याच्या वाफ्यांचे उंचवटे अजून दिसतात.

मायकेल डॅविट याच मातीतला. १८४६ मध्ये स्ट्रेड गावात जन्मला. तो चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून घरादाराला बाहेर काढलं. कुटुंब इंग्लंडात लँकशायरला गेलं, आणि अकराव्या वर्षी तिथल्या कापड गिरणीत यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. त्याने परत येऊन १८७९ साली कुळांची संघटना उभी केली, लँड लीग. पहिली मेयोची लीग इथे, कॅसलबारमध्येच, स्थापन झाली.

आता ज्यासाठी एवढं लिहिते आहे ते.

मागच्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून बॅलिनरोबला गेले, इथून तीसेक किलोमीटर. जवळच लॉक मास्क नावाचं मोठं तळं आहे. त्या तळ्याकाठी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहायचा. लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंडात चौथाई सूट मागितली, लॉर्ड अर्नने ती नाकारली आणि बॉयकॉटने घरं खाली करण्याच्या नोटिसा काढल्या. कुळांनी हाणामारी केली नाही. मजूर शेतातून निघून गेले. घरातल्या गड्यांनी काम सोडलं, लोहार घोड्याला नाल मारीना, दुकानदार माल देईना. त्याचं टपाल आणणाऱ्या पोराने टपाल आणणं बंद केलं. शेवटी पीक काढायला उत्तरेच्या काउंट्यांमधून पन्नास माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक-पोलीस. पाचशे पौंडांच्या पिकासाठी सरकारचे दहा हजार पौंड गेल्याचं सांगतात. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट गाव सोडून गेला. त्याचं आडनाव मात्र इथेच राहिलं. गावच्या पाद्र्याला, फादर ओमॅलींना, साध्या शेतकऱ्याच्या तोंडी बसेल असा शब्द हवा होता, आणि त्यांनी ते आडनावच क्रियापद करून टाकलं.

तळ्याकाठी उभी होते, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला कर्डे आठवलं. शिरूरच्या बाजाराला जाताना तुम्ही दर वेळी सांगायचात. अमेरिकेतली लढाई संपली तसा कापसाचा भाव पडला, वर सरकारने सारा वाढवला, कुणबी सावकाराच्या खतात अडकला. डिसेंबर १८७४ मध्ये कर्ड्यात सावकाराने कोर्टातून हुकूमनामा आणून देशमुखाचं घर घेतलं, आणि गावाने सावकाराला वाळीत टाकलं. न्हावी नाही, परीट नाही, पाणक्या नाही. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात खतं-रोखे जळले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला. इथे कुळांसाठी जमिनीचा कायदा आला १८८१ मध्ये. कॅप्टन बॉयकॉटच्या सहा वर्षं आधी आपल्या शिरूर तालुक्याने हे केलं होतं. शब्द मेयोने दिला. आणि १९०५ नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला 'बहिष्कार' आला, तेव्हा इंग्रजीत त्याला 'बॉयकॉट' म्हणत होते, म्हणजे या तळ्याकाठचंच आडनाव.

बाबा, हे हत्यार दुबळ्याच्या हाती असेल तेव्हाच मला त्याचा अभिमान वाटतो. आपल्याकडे जातपंचायतींनी त्याच वाळीत टाकण्याने घरं उद्ध्वस्त केली आणि २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, हेही मी विसरलेले नाही. ज्याच्याकडे जमीन, कोर्ट आणि पोलीस तिन्ही आहेत त्याला मजुराने "तुझं काम करणार नाही" म्हणणं वेगळं, आणि एकट्या घराचं पाणी तोडणं वेगळं.

एक काम करा. गुडघा बरा असेल तेव्हा दादाबरोबर कर्ड्याला जाऊन या. जुन्या माणसांना विचारा, ते देशमुखांचं घर कुठे होतं, ती जागा अजून दाखवतात का. फोटो काढून पाठवा. मी तो आजींना दाखवणार आहे. त्यांना किती कळेल ते कळेल, पण दगड त्यांना कळतात.

आणि पाकिटावर तालुक्याच्या ओळीवर टाउनलँडचं नाव घाला, खाली कॅसलबार, काउंटी मेयो, शेवटी एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड. इथला पोस्टमन मला ओळखतो, पत्र पोचेल.

तुमची,
ताई