हवेच्या आकड्यात घरातली हवा धरलेली नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेले काही महिने हवा गुणवत्ता निर्देशांकाची रंगीत चौकट नियमित छापली जाते, याबद्दल आधी आभार. आमच्या घरी सकाळी पहिल्यांदा तीच पाहिली जाते आणि रंग तांबडा असला की खिडक्या धडाधड बंद होतात. हे पत्र त्या बंद खिडक्यांविषयी आहे. वाईट हवा रस्त्यावर असते आणि दार लावले की ती बाहेरच राहते, असा ग्रह त्या चौकटीमुळे सहज होतो. माझाही तसाच झाला होता.

गेल्या हिवाळ्यात सूक्ष्म कण मोजणारे एक लहानसे यंत्र घरी आले. अशी स्वस्त यंत्रे फार काटेकोर नसतात, पण आकडा चढतो आहे की उतरतो आहे एवढे त्यांवरून नक्की कळते. एका संध्याकाळी बाहेरची हवा वाईट म्हणून सगळे बंद करून बसलो असताना गॅसवरचे तेल जरा जास्त तापले, त्याला धूर सुटला आणि यंत्रावरचा आकडा पाहता पाहता तिपटीच्या वर गेला. पाव तासाने पलीकडच्या झोपायच्या खोलीतही तो चढला आणि जेवणे आटोपली तरी खाली येईना. आवाज नको म्हणून बाहेर हवा फेकणारा पंखा कोणी लावलाच नव्हता. शेवटी खिडकी उघडली, तेव्हा चौकटीत ‘वाईट’ ठरलेल्या बाहेरच्या हवेनेच घरातला आकडा खाली आणला. दुसऱ्या दिवशी मी त्या पंख्याची पाती पुसायला घेतली, तर बोटाला डांबरासारखा चिकट थर लागला. तो पात्यांवर अडकला म्हणून दिसला. न अडकलेला कुठे गेला असेल, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

नाकातले केस आणि श्वासनलिकेतला कफ मोठी धूळ अडवतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असल्यामुळे थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळण्याची धडपड करतात, त्यातून दाह सुरू होतो आणि तो फुप्फुसापुरता राहत नाही. अतिसूक्ष्म कणांपैकी काही तर रक्तातच उतरतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि आधीच अरुंद झालेल्या रोहिणीत गुठळी धरायला निमित्त मिळते. म्हणूनच खोकला आणि दमा ही या विषयाची फक्त ऐकू येणारी बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयविकार व पक्षाघाताचे होते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ‘हृदयविकाराचा झटका’ एवढेच येते, हवा कुठे येत नाही. तिची अधिकृत नोंद होणे इतके दुर्मिळ आहे, की २०२० मध्ये लंडनच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या चौकशीत दम्यासोबत हवेचे प्रदूषणही कारण म्हणून लिहिले गेले, तेव्हा त्याची बातमी जगभर झाली.

घरातल्या धुराचा हिशेब याहून वेगळा आहे. लाकूड, शेण, कोळसा किंवा रॉकेलवर स्वयंपाक करणारी सुमारे २१० कोटी माणसे आजही जगात आहेत. या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. गॅसची शेगडी त्या मानाने पुष्कळ स्वच्छ, पण तिच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दमेकरी मुलांना तो बाधतो. बंद खोलीत डासांची कॉइल जाळून झोपणे हे तर मी धुराशेजारी झोपणेच समजतो.

शिवाय घर आणि रस्ता यांच्यामधली भिंत आपण मानतो तेवढी पक्की नाही. बाहेरचे सूक्ष्म कण फटींतून आत येतात, तसा घरचा धूर बाहेर जाऊन शहराचा होतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे काळे धुके बसले आणि ज्यात सुरुवातीच्या मोजणीनुसारच सुमारे चार हजार माणसे गेली, त्यात घराघरांतल्या शेगडीत जळणाऱ्या कोळशाचा वाटा मोठा होता. म्हणूनच १९५६ च्या कायद्याने कारखान्यांबरोबर घरांच्या धुराड्यांवरही बंधने आणली.

आता आपल्या चौकटीविषयी. निर्देशांक बहुधा २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो, त्यामुळे खिडकी कोणत्या वेळी उघडावी हे त्यावरून कळत नाही. थंडीत रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा वर सरकत नाही व कण साचतात; दुपारी ते विरळ होतात, मात्र कडक उन्हाच्या दिवसांत त्याच वेळी जमिनीलगत ओझोन हा श्वासाला बाधणारा वायू वाढतो. तासातासाचा छोटा आलेख दिल्यास वाचकाला त्याचा खरा उपयोग होईल. रंगाशेजारी पीएम २.५ चे प्रमाणही मायक्रोग्रॅममध्ये छापावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवून दिलेली मर्यादा दर घनमीटरला २४ तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. ती शेजारी असली की निर्देशांकातला ‘समाधानकारक’ हा शब्द किती सैल आहे, ते वाचकच ताडतील.

आणखी एक. आपल्या पुरवणीत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांवर आलेला लेख जाहिरातीकडे झुकलेला वाटला. अशा यंत्रांतली हेपा नावाची दाट गाळणी सूक्ष्म कण उत्तम अडवते, पण वायू अडवत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच नाही. स्वयंपाकघरात शेगडीवर बसवायची काही विजेची धुराडी (‘चिमणी’) हवा बाहेर न सोडता गाळून पुन्हा खोलीतच फेकतात; त्यांत वास आणि तेलकटपणा कमी होतो, वायू मात्र घरातच फिरत राहतात. धुराडे विकत घेण्यापूर्वी त्याची नळी बाहेर जाते की नाही ते पाहावे, एवढे एक वाक्य त्या लेखात असायला हवे होते. पुढच्या अंकात ते छापता आले, तर बरे होईल.

आपला,
एक नियमित वाचक