लष्करी मजबुती गॅसच्या खाणीत पुरत नाही: केंद्रीय कोळसा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय कोळसा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

२०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. त्याचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. मी लिहितोय ते त्यातल्या अगदी छोट्या वाट्याबद्दल, भूमिगत खाणींबद्दल. २०३० पर्यंत जमिनीखालून १० कोटी टन कोळसा काढायचा, असे आपल्या मंत्रालयाने ठरवले आहे. त्यासाठी २०२५ मध्ये भूमिगत खाणींसाठी सरकारला द्यायच्या महसुली वाट्याची किमान मर्यादा ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे नवे मालक, नवे ठेकेदार आणि कोळशाचे काम कधीच न केलेली पोरे खाली उतरणार. त्यांच्या खिशात आणि कमरेला कोणता फोन, कोणता रेडिओ असेल, एवढाच माझा विषय आहे.

चंद्रपूर-वणी पट्ट्यात भूमिगत खाणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. हल्ली जुने सहकारी भेटले की कोणी ना कोणी जाड रबरी कडांचा फोन काढून दाखवतो. ‘मिलिटरी ग्रेड आहे, दगडावर आपटा, पाण्यात बुडवा, काही होत नाही.’ टॅब्लेट, वॉकी-टॉकी, थर्मल कॅमेरे, सगळे याच थाटात विकले जाते. ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, त्याला माझी काहीच हरकत नाही. सास्ती, पौनी, उकणी, निलजई, कुठेही जा. मे महिन्यात पारा ४६-४७ वर, डंपरचे हादरे, धूळ अशी की चष्मा दर पाच मिनिटांनी पुसावा लागतो. तिथे साधा फोन टिकत नाही. सर्व्हेअरला आणि डंपर ऑपरेटरला दणकट यंत्र द्या, आनंदाने द्या.

पण तेच यंत्र इनक्लाइनने, म्हणजे खाणीच्या उतरत्या बोगद्याने, खाली गेले की गोष्ट बदलते, आणि हा फरक खरेदीच्या कागदांवर उतरत नाही ही माझी तक्रार आहे.

या जाहिरातींमागचे मानक अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे, मिल-एसटीडी-८१०. पहिली आवृत्ती १९६२ची, सध्याची ‘एच’ २०१९ची. पाडणे, हादरे, धूळ, पाऊस, उष्णता, थंडी अशा चाचण्या कशा घ्यायच्या ते त्यात लिहिले आहे. फोनवाल्यांची लाडकी चाचणी पाडण्याची. १२२ सेंटिमीटरवरून, काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर, प्रत्येक बाजू, कड आणि कोपरा धरून २६ वेळा. हे २६ वेळा पाडणे पाच वेगवेगळ्या नगांत वाटून घेण्याची मुभाही त्यात आहे! कोणत्या चाचण्या करायच्या ते निर्माता निवडतो, आणि निकालावर शिक्का मारणारी कोणतीही सरकारी संस्था त्यामागे नसते. स्फोटक वातावरणाची एक पद्धत या मानकात आहे, नाही असे नाही. पण ती इंधनाच्या वाफेसाठी, विमाने आणि वाहने डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. खाणीत कोळशातून निघणाऱ्या मिथेन गॅससाठी नव्हे. फोनवर लिहिलेला आयपी६८ हा दर्जा एवढेच सांगतो की आत धूळ आणि पाणी जात नाही.

यांपैकी एकही चाचणी हे विचारत नाही की यंत्राच्या आत शॉर्ट झाला तर ठिणगी केवढी पडेल. आमच्या कामात पहिला प्रश्न हाच. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की तो पेटू शकतो, आणि योग्य मिश्रणाला पेटायला ०.२८ मिलिज्यूल एवढी ऊर्जा पुरते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना जी ठिणगी चटकते, तिच्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते. दणकट फोनची बॅटरी तर नेहमीपेक्षा मोठी असते, तीच त्याची जाहिरात असते.

खाणीसाठी जे यंत्र बनते, त्याला आम्ही इंट्रिन्सिकली सेफ म्हणतो. त्याच्या सर्किटमध्ये व्होल्टेज आणि करंट मुळातच इतके बांधलेले असतात की बिघाड झाला तरी गॅस पेटवण्याएवढी ठिणगी पडूच नये. ‘आयए’ दर्जात दोन बिघाड एकदम गृहीत धरून तपासतात, ‘आयबी’ दर्जात एक. त्यातही ग्रुप वन म्हणजे गॅसच्या खाणी आणि ग्रुप टू म्हणजे रिफायनरीसारख्या जागा. रिफायनरीचे प्रमाणपत्र दाखवून फोन खाणीत नेणे हाही चुकीचाच प्रकार. आणि गंमत अशी की आघाताची कसोटी ग्रुप वनमध्ये ग्रुप टूपेक्षा कडक असते. म्हणजे मजबुती खाणीच्या मानकात आधीपासून आहेच. ती लष्कराकडून उसनी आणायची गरज नाही.

कोणी म्हणेल, आमची खाण गॅसच्या वर्गवारीत पहिल्या डिग्रीची, इथे गॅस कुठे? पहिली डिग्री म्हणजे सर्वसाधारण हवेत गॅस ०.१ टक्क्याच्या वर नाही आणि टनामागे एक घनमीटरहून जास्त निघत नाही, इतकेच. छताच्या पोकळीत, कोळसा काढून सोडलेल्या जागेच्या, म्हणजे गोफच्या, तोंडाशी, किंवा पंखा बंद पडल्यावर काय साचते, त्याची हमी डिग्री देत नाही.

नियमाप्रमाणे गॅस १.२५ टक्क्याच्या वर गेला की त्या भागाचा करंट तोडावा लागतो. पंप बंद, ड्रिल बंद, सगळे बंद. त्याच वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातला फोन मात्र चालूच! इनक्लाइनच्या तोंडाशी आपण बिडी-काडी मिळते का म्हणून कामगाराची झडती घेतो. पाहणीला आलेल्या साहेबांच्या फोनची झडती घेताना मी फारसे कोणाला पाहिले नाही.

ही भीती पुस्तकी नाही. २८ मे १९६५ ला आताच्या झारखंडमधल्या धोरीच्या खाणीत स्फोट झाला, २६८ माणसे गेली. ६ सप्टेंबर २००६ ला धनबादजवळच्या भाटडीहच्या नगदा खाणीत ५० गेली. ते स्फोट मोबाइलने झाले असे मी म्हणत नाही. खाली ठिणगीचा हिशेब किती महाग पडतो, ते सांगतोय.

आता दुसरी बाजू, कारण नुसते ‘फोन नको’ म्हणणे हा उपाय नव्हे. खाली संपर्काची गरज खरी आहे. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात सागो खाणीत स्फोट झाला. आत अडकलेल्यांनी छत धरून ठेवणाऱ्या रूफ बोल्टवर हातोडा मारून खूण द्यायचा प्रयत्न केला, वर कोणाला ऐकू गेले नाही. १२ जण गेले, एकच वाचला. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे खाणकामगारांच्या सुरक्षेचा ‘मायनर’ कायदा झाला आणि वायरलेस संपर्क व माणूस कुठे आहे हे दाखवणारी यंत्रणा खाणींवर तीन वर्षांच्या मुदतीने बंधनकारक झाली. आणि ज्या देशाच्या लष्कराने ८१० हे मानक लिहिले, त्याच देशात ते यंत्र थेट फेसवर, म्हणजे जिथे कोळसा कापतात तिथे, नेता येत नाही. खाण सुरक्षा प्रशासनाची वेगळी मंजुरी लागते.

आपल्याकडे धनबादची सिम्फर ही खाण संशोधन संस्था अशी उपकरणे तपासते आणि खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, मंजुरी देते. यंत्रणा आहे. पण डीजीएमएस श्रम मंत्रालयाखाली आणि खाणी आपल्याकडे. या दोन टेबलांच्या मध्ये फाइल किती मुक्काम करते, ते आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता.

माझी विनंती अशी. कोल इंडियाच्या सर्व उपकंपन्यांना आणि खासगी खाणमालकांना लेखी कळवा की भूमिगत कामासाठी फोन, टॅब्लेट, कॅमेरा किंवा रेडिओ घेताना मिल-एसटीडी किंवा आयपी हा पुरेसा निकष नाही. ग्रुप वनची इंट्रिन्सिकली सेफ चाचणी आणि डीजीएमएसची मंजुरी निविदेतच मागा. मंजूर यंत्रांची यादी मॉडेल नंबरसह कामगार जिथून दिवे घेतात त्या लॅम्प रूमच्या भिंतीवर लागू द्या, मराठीत आणि हिंदीत, म्हणजे कामगारांच्या बाजूने खाण तपासणाऱ्या वर्कमन्स इन्स्पेक्टरला साहेबांसमोर बोट ठेवून बोलता येईल. अशी यंत्रे महाग पडतात हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकेच थोडी म्हणून ती महाग. कोल इंडियाने सर्वांची मिळून एकत्र ऑर्डर काढली तर देशी कारखानदार पुढे येतील.

आणि ती ठेक्याच्या कामगारालाही द्या. कायम कामगाराच्या कमरेला ट्रॅकिंगचा टॅग आणि त्याच्याच शेजारी रूफ बोल्ट लावणारा ठेक्याचा माणूस रिकामा, असे होऊ नये. मार्च २०२५ मध्ये बैतूल जिल्ह्यात छतरपूर-१ खाणीत छत कोसळून तीन जण गेले. अशा वेळी खाली नेमके कोण कुठे आहे, हे हाजिरीच्या रजिस्टरवरून शोधावे लागू नये. टॅग हाजिरी कापायला वापरायचा नाही, हेही त्याच आदेशात लिहा. नाहीतर पोरे तो लॅम्प रूममध्येच विसरून जातील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

उत्तराची वाट पाहतो. ते खाणीच्या सूचना फलकावर लागले तरी चालेल, मला टपालाने पाठवायची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, चंद्रपूर

प्रत: माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री