चि. रोहितला पत्र

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर २०२५

चि. रोहित यास,
अनेक आशीर्वाद.

सिगारेट पूर्ण सुटली, असे काल तू फोनवर म्हणालास आणि मी तेथूनच उठून अंबाबाईच्या तसबिरीपुढे साखर ठेवली. अण्णांना जे अखेरपर्यंत जमले नाही, ते माझ्या मुलाने परक्या देशात एकट्याने करून दाखवले. पण तुझ्या जीपींनीच, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांनीच, ई-सिगारेट सुचवली आणि दिवाळीला येताना ती बरोबर आणणार आहेस, हे ऐकल्यापासून मात्र मनाला स्वस्थता नाही.

आज रक्तदाबाच्या गोळ्यांच्या निमित्ताने राजारामपुरीत आपल्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा तुझा विषय काढला. ते रागावतील असे वाटले होते. पण त्यांनी शांतपणे सांगितले की सिगारेटमधली कॅन्सर घडवणारी द्रव्ये मुख्यतः तंबाखू जळल्याने तयार होतात, या यंत्रात द्रव केवळ तापतो, आणि म्हणून इंग्लंडमधले डॉक्टर सिगारेट ओढणाऱ्याला हा मार्ग सांगतात. जो ओढतच नाही, त्याला कधीच नाही. तिकडच्या २०१९ च्या एका चाचणीत ८८६ जण होते. वर्षाअखेर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, तर निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. तेव्हा तुझ्या डॉक्टरांनी काही भलते सांगितले, असे मी म्हणत नाही.

मात्र त्याच चाचणीत, ई-सिगारेटच्या आधाराने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते. दुसऱ्या गटात गम किंवा पट्टी चालू असलेले जेमतेम ९ टक्के. त्या ८० टक्क्यांत तू असशील का, एवढाच प्रश्न मला पडला आहे. आपले डॉक्टर गमच देतात, कारण मात्रा ठरलेली असते आणि ती उतरवत नेता येते. आपल्याकडे कायद्याने ई-सिगारेटला मुभा असती तरी आधी गमच दिला असता, असे ते म्हणाले.

तुला ठाऊक आहे, माझे माहेर निपाणीचे. तंबाखूचे शेंडे आणि फुटवे खुडताना बायकांच्या हातांवर काळा चिकट थर बसे. तो साबणाने निघत नसे आणि दुपारची भाकरी कडू लागे. सकाळच्या ओल्या पानांत काम केले की नव्या बायकांना गरगरून उलट्या होत. त्यांनी कधी विडी ओठाला लावलेली नसे. निकोटिन धुरावाचूनही अंगात शिरते, हे मी लहानपणीच पाहिले आहे. म्हणून ‘धूर नाही’ एवढ्या शब्दांनी माझे समाधान होत नाही. तुझी आजी तर पिकाचा पैसा घरात येई तेव्हाही म्हणायची की... पण ते राहू दे. तू आलास की सांगेन.

मी पुन्हा उपदेशाकडे वळले. तुला राग आला असेल तर क्षमा कर. तुझ्या मनाची ताकद मला माहीत आहे, अण्णांच्या आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसलेला तूच होतास. परंतु ती ताकद या यंत्रापाशी येऊन थांबू नये. द्रवातले निकोटिन टप्प्याटप्प्याने कधी कमी करायचे आणि यंत्र कधी ठेवून द्यायचे, हे तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट विचार. त्यांनी सुरुवात सांगितली, तसा शेवटही सांगू देत. घाई करून पुन्हा सिगारेटकडे वळशील तर मात्र नको. त्यापेक्षा हे यंत्रच बरे, हेही मी मनापासून लिहिते.

आणि ते सामानात घालू नकोस. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण, सगळ्यांवरच बंदी आहे; आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे असताना तलफ आली तर काय घ्यायचे, ते निघण्यापूर्वी तिकडेच विचारून घे. आपल्या डॉक्टरांनीही तुला भेटायला बोलावले आहे. बाबांना मी यातले काही सांगितलेले नाही. तिकडच्या डॉक्टरांची भेट झाली की ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई