पैरवीच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पैरवी हवालदाराचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही. समन्स-वॉरंट बजावलं का पाहायचं, साक्षीदार तारखेला हजर ठेवायचे, मुद्देमाल कोर्टापुढे आणायचा. त्या धावपळीत तुम्ही फौजदारी न्यायाची पदवी करणाऱ्या आम्हा मुलांना निकाली खटल्यांच्या नकला वाचायला शिकवल्यात, म्हणून हे पत्र.

पुस्तकं कलमांच्या क्रमानं जातात. तुम्ही घड्याळाच्या क्रमानं जायला लावलंत. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे: कोणता कागद, कधीचा, सही कुणाची. एफआयआर हातात आली की मजकूर शेवटी वाचायचा. आधी एफआयआरच्या छापील नमुन्यातला रकाना ३, म्हणजे घटना कधीची आणि ठाण्यात खबर कधी आली. मग ८, उशिराचं कारण. मग कुणीच न पाहणारा १५, प्रत कोर्टाकडे कधी रवाना झाली. खबर रात्री ९ची आणि प्रत तिसऱ्या दिवशी निघालेली असेल, तर मधल्या वेळात नावं घुसवली असं बचाव पक्ष म्हणणारच. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे, पण पंचनाम्याची वेळ गुन्हा दाखल होण्याच्या आधीची, ही तर तुमची आवडती जागा. नंबर पडण्याआधी तो कागदावर आला कुठून? नंतर लिहिला असेल, तर पंचांनी सही नेमकी कशावर केली?

मुद्देमालाचंही तसंच. रक्ताचे कपडे ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की डाग कुजतात आणि रक्तगटाबाबत 'निष्कर्ष काढता येत नाही' असा अहवाल येतो. कपडे सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, वर लाखेचं सील. सील शाबूत असलं तरी जप्तीपासून प्रयोगशाळेच्या पोचपावतीपर्यंत मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता याची साखळी मुद्देमाल रजिस्टरवरून जुळवायला तुम्ही शिकवलंत. नेणाऱ्या शिपायाला साक्षीला बोलावलं नाही की ती तिथेच तुटू शकते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो उलटतपासाचा. परीक्षेत आम्ही 'जबाबात विसंगती आढळली' एवढं लिहून मोकळे होतो. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि ती घ्यायचीही नसते; सही नाही म्हणून जबाब खोटा, हा आमचा पहिला घोटाळा. तो जबाब वापरायचा साक्षीदाराला खोडण्यापुरता. नेमकं वाक्य त्याला वाचून दाखवायचं, त्यानं नाकारलं की तेवढ्या भागाला 'अ' खूण, आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तो भाग शाबीत करून घ्यायचा. ही शेवटची पायरी राहिली की आधीची सगळी मेहनत वाया. वकीलही इथे चुकतात म्हणे.

ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; त्या दिवसांचा हिशेब आम्ही अटकेपासून करत होतो. तो पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस धरून करायचा: फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मुदत उलटली तरी आरोपीनं जामिनाचा अर्ज द्यायला हवा, तोही दोषारोपपत्र येण्याआधी. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की तो हक्क गेला.

नव्या कायद्यांच्या गोंधळात तर तुमचा कलमांचा कागदच कामी आला. १ जुलै २०२४ आधीचा खून असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२, त्या दिवसापासूनचा असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेचं १०३. गुन्हा जुना पण फिर्याद त्या तारखेनंतरची, तर कलम जुनं आणि कार्यपद्धती नवी. म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ (एफआयआर) च्या शेजारी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७३, १६१ (पोलिसांपुढचा जबाब) च्या शेजारी १८०, १६७ (कोठडी) च्या शेजारी १८७, आणि जुन्या पुरावा कायद्याच्या २७ (आरोपीच्या माहितीवरून मिळालेला पुरावा) च्या शेजारी नव्या साक्ष्य अधिनियमाचं २३, ६५ब (इलेक्ट्रॉनिक पुरावा) च्या शेजारी ६३ असा तुम्ही करून दिलेला कागद आमच्या प्रत्येकाच्या वहीला चिकटवलेला आहे. जुने आकडे विसरून चालणार नाही, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून वर्षानुवर्षं चालणार.

यातलं फारसं काही आमच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. पुढच्या तुकडीसाठी तीन रकान्यांचा कोरा तक्ता आणि कलमांचा कागद, दोन्ही झेरॉक्स करून वर्गात ठेवतो आहोत. त्यात दुरुस्ती असेल तर नक्की कळवा.

आपले,
अंतिम वर्षाचे विद्यार्थी